डावं दार

रबाळे,
ता. ९ जानेवारी १९९८

प्रिय विलास,

गीतांजलीच्या लग्नाची पत्रिका परवा मिळाली. कोपऱ्यांना हळदकुंकू व्यवस्थित लावलेलं होतं, म्हणजे हात वहिनींचा असणार. गणपतीच्या खाली तू आपल्या गाडीचं चित्र छापून घेतलंयस. टप मागे दुमडलेला, बॉनेटवर हार. आत लिहिलंय की वधूची पाठवणी दुपारी चार वाजता सानपाड्याहून उरणला, वडिलोपार्जित मोटारीतून. आणि पत्रिकेच्या घडीत तुझी चिठ्ठी. ‘भिकाजी, राग सोड आता. गाडी तूच चालवायचीस, पोरीला सासरी तूच पोचवायचंस. टोपी मी जपून ठेवलीय. त्याआधी एकदा येऊन जा, डावं दार हल्ली जरा अडतं.’ बाळाबाईला मी चिठ्ठी वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘टोपी जपून ठेवलीय म्हणतात. माणूस कुठं ठेवलाय ते विचारा.’

सव्वादोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तुझे निरोप आले त्यांना उत्तर दिलं नाही. आज लिहितोय ते राग गेला म्हणून नाही. गाडीबद्दल एक गोष्ट आहे, ती गीतांजली त्या गाडीत बसायच्या आधी तुला कळायलाच हवी. फोन करायला म्हणून काल नाक्यापर्यंत गेलो होतो. पण फोनवर तू हसतोस. ‘टेन्शन नको घेऊस रे’ म्हणतोस आणि समोरच्याचं बोलणं तिथेच मोडतं. कागदावर तुला हसता येईल, पण मला गप्प करता येणार नाही. म्हणून कागद. सरळ मुद्द्यावर यायला हवं हे मला कळतंय. पण मुद्दा असा आहे की आधीचं सगळं सांगितल्याशिवाय तो माझ्या तोंडून निघत नाही. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागतो.

चौथीच्या स्कॉलरशिपची परीक्षा तुला आठवते का? आपल्या शाळेतून मास्तरांनी दोघांनाच पाठवलं होतं. मी पहाटे वडिलांबरोबर तुमच्या मिठागरात पाणी फिरवून, तसाच अनवाणी उरणला चालत गेलो होतो. पेपर संपला तेव्हा बापूशेठ तुला न्यायला गाडी घेऊन आले होते. फिकट हिरवी, टप उघडा, आतलं कातडं तांबूस. पोरं भोवती जमली होती. तू माझा हात धरून मला आत ओढलंस, पुढची सीट वाकवून मागे बसवलंस. मी त्या सीटवर किती वेळ बसलो असेन? शाळेची पायरी ते वडाचं झाड एवढाच. मग बापूशेठनी आरशातून माझ्या पायांकडे पाहिलं. ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, ‘पायाला मीठ आहे त्याच्या. कातडं खराब होईल. उतर रे.’ मी उतरलो. आणि माझ्यामागून तूही उतरलास. बापूशेठ दोनदा हाक मारून निघून गेले आणि आपण दोघं बांधाबांधाने घरी आलो. तू चपला काढून हातात घेतल्या होत्यास, माझ्या पायात नव्हत्या म्हणून. त्या परीक्षेत मी पास झालो आणि तू नापास. पुढे शिकलास तू. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, खोटं सांगत नाही. कारण तू उतरला होतास. चाळीस वर्षं मी त्या एका गोष्टीवर तुझा मित्र होतो.

बापूशेठ गेले, मिठागर गेलं, आणि ब्याण्णवच्या दिवाळीनंतर तू मला करळच्या बाजूच्या त्या जुन्या मिठाच्या गोदामात घेऊन गेलास. गोदाम महिन्याभरात रिकामं करायचं होतं. पत्रे वाऱ्यावर वाजत होते. मागच्या भिंतीला लागून लाकडी ठोकळ्यांवर गाडी उभी होती, चाकं काढलेली, अंगावर ताडपत्री आणि त्याखाली मिठाचीच रिकामी पोती. बावीस वर्षं. मोटारीला मिठाच्या पोत्यांत गुंडाळून ठेवणारी माणसं जगात आपल्याकडेच असतील. पोतं उचललं की पत्र्याचा पोपडा पोत्याबरोबर यायचा. टपाचं कापड हाताला लागताच राख झालं. तू म्हणालास, ‘भिकाजी, भंगारवाला उद्या येतोय. बोल, होईल का?’ मी तीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकतोय. खरं उत्तर मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. पण मी सीटवर हात ठेवला आणि म्हणालो, होईल.

गोदामाची राखण रखमा करायची. तिचा नवरा गेल्यावरही ती तिथेच राहिली होती, तुला आठवत असेल, तोंडात दोन दात आणि बोलणं सगळ्या गावाला पुरेल एवढं. ती म्हणाली, ‘शेट सांगून गेलं व्हतं, गारीला जप. मी दर दसऱ्याला नारल फोरलाय, येक साल चुकवला नाय.’ मी विचारलं, कुठे फोडायचीस? तिने मला वेड्यात काढलं. ‘गारीला उंबरा हाय न? मंग तिथंच फोराचा. लक्षुमी उंबऱ्यावरनंच येते न.’ उजवी बाजू भिंतीला चिकटलेली, म्हणून तिचा उंबरा डाव्या दाराचा. दार उघडायचं, खालच्या पट्टीवर हळदकुंकू वाहायचं, तिच्या कडेवर नारळ फोडायचा, पाणी तिथेच सोडायचं, कलशातलंही तिथेच ओतायचं. पुसायचं नाही, कारण देवाचं. तू हसलास. मला हसू आलं नाही. त्या पट्टीवर कुंकवाचे थर इतके चढले होते की नखाने उचकटावे लागले असते. मी खाली वाकून नमस्कार केला. त्या म्हातारीने बावीस वर्षं जे केलं ते मी माझ्या देवापुढे कधी इतक्या नेमाने केलेलं नाही.

मग तीन वर्षं रविवार. सहा दिवस मी कारखान्यात बसच्या बॉड्या बांधायचो आणि सातव्या दिवशी मागच्या शेडमध्ये आपली गाडी. बाळाबाई डबा घेऊन यायची आणि ठोकळ्यावर बसून मला वाढायची. दरवाजे मी नव्याने केले, मडगार्ड ठोकून जागेवर आणले, बॉनेटचा एकही खड्डा लांबी भरून लपवला नाही. आमच्या धंद्यात लांबी म्हणजे ती राखाडी लापशी. खड्ड्यात भरायची, सुकली की घासायची, वरून रंग मारायचा, की गिऱ्हाइकाला पत्रा सपाट दिसतो. मी म्हणालो होतो, या गाडीला नाही. टप शिवायला मी उरणहून मुस्तफाला आणलं. त्याच्या घरात चार पिढ्या होड्यांची शिडं शिवतात. त्याने चार रविवार गाडीत मांडी घालून नुसती मापं घेतली. एकदा चहा पिताना म्हणाला, ‘बंद गाडीला वरनं छप्पर धरून ठेवतं, भिकाजीभाय. उघडीला वरनं काहीच नाही. तिचा कणा खाली, होडीसारखा. दोन बाजूंच्या, दारांखालच्या दोन पट्ट्या, बस. त्या गेल्या की गाडी मधून वाकते.’ त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मला हे माहीत होतं, पण होडीसारखा म्हटल्यावर ते डोळ्यांपुढे उभं राहिलं.

तू यायचास, दर पंधरा दिवसांनी, कधी वडे घेऊन, कधी कुणाला तरी दाखवायला घेऊन. ‘हा माझा भिकाजी, हाताला देव आहे त्याच्या’ असं म्हणायचास. मला ते गोड लागायचं. आता कबूल करायला लाज वाटते, पण त्या दोन शब्दांसाठी मी रविवारची वाट बघायचो. आणि एकदा, टप पहिल्यांदा चढवला त्या दिवशी, बाळाबाईने तुला विचारलं की ही कधीतरी चालणार की नुसती आंघोळच घालायची? तू म्हणालास, ‘वहिनी, दसऱ्याला पहिली फेरी तुमची आणि भिकाजीची. तुम्ही मागे बसायचं, शेठाणीसारखं. मी ड्रायव्हर.’ तू ते गमतीत बोलला असशील. तिने ते तसं घेतलं नाही. तिने एक जांभळं लुगडं त्या दिवसापासून ट्रंकेत वेगळं काढून ठेवलं.

पंच्याण्णवच्या श्रावणात फक्त डावी बाजू राहिली होती. तू आलास आणि म्हणालास की दसऱ्याचं नक्की केलंय, सोसायटीच्या आवारात मांडव घालतोय, दीडशे माणसं आहेत, तारीख हलणार नाही. मी म्हणालो, मला अजून दोन महिने दे. तू म्हणालास, ‘अरे, दिसतेय की आता नवरीसारखी. राहिलंय काय?’ काय राहिलंय ते मी सांगितलं नाही. हाताला देव असलेल्या माणसाने नाही होत म्हणायचं, ते माझ्याने झालं नाही.

आणि दसरा आला. सानपाड्याला तुझ्या आवारात झेंडूची तोरणं, सनई, खुर्च्या. बाळाबाई जांभळं लुगडं नेसून आरतीचं ताट घेऊन माझ्याबरोबर आली होती. गाडी मी आदल्या दिवशीच पोचवली होती. पूजा झाली, नारळ फुटला, या वेळी पुढच्या चाकापाशी. मग तू सगळ्यांसमोर मला हाक मारलीस आणि हातात एक पुडकं दिलंस. मला वाटलं धोतरजोडी असेल. आत पांढरा गणवेश होता, पितळी बटणांचा, आणि वर टोपी, काळ्या चोचीची, सोनेरी पट्टीची. तू म्हणालास, ‘मंडळी, ही गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही मी. चालवणार तर आमचा भिकाजीच.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या चेहऱ्यावर खोट नव्हती, विलास. असती तर मी पुडकं तुझ्या पायाशी ठेवून चालता झालो असतो. तू मला मान देतोयस असंच तुला वाटत होतं. चाळीस वर्षांत मी कोण आहे हे तुला एकदाही दिसलं नव्हतं, ते त्या दिवशी मला दिसलं.

मी आत जाऊन कपडे बदलले. टोपी घातली. मागे तुझे ते दोन बिल्डर आणि त्यांच्यातल्या एकाची बायको बसली, पुढे तू. बाळाबाई ताट घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला उभी होती. वहिनी तिला म्हणाल्या, ‘बाळाबाई, तोवर जरा पेढे वाटता का?’ तिने वाटले. मी गाडी फाटकातून बाहेर काढली, स्टेशनापर्यंत नेली, वळवून आणली. त्या बाईने मागून तुला विचारलं, ‘ड्रायव्हर किती वर्षांपासून आहे तुमच्याकडे?’ तू म्हणालास, ‘लहानपणापासून.’ आणि हसलास. मी आरशात पाहिलं. तोच आरसा. मीच पुसून बसवला होता.

परत आलो तर बाळाबाई नव्हती. ती रिकामं ताट पदराखाली धरून बसने घरी निघून गेली होती. मी पोचलो तेव्हा लुगडं घडी होऊन ट्रंकेत गेलेलं होतं. मी तुझ्याबद्दल बोलायला लागलो. ती म्हणाली, ‘टोपी त्यांनी दिली. डोक्यावर कुणी घातली?’ त्यानंतर तिने या विषयावर शब्द काढला नाही, परवापर्यंत. दुसऱ्या दिवशी मी गणवेश आणि टोपी तुझ्या वॉचमनकडे ठेवून आलो. तुला वाटलं मी मान मागत होतो, आणि मान दिल्यावर रुसलो. वाटू दे.

तुझी चूक इथपर्यंत. आता माझी. रखमाच्या उंबऱ्याखाली काय होतं, ते मी श्रावणाच्या आधीच पाहिलं होतं. ज्येष्ठात मी कुंकवाचा थर काढला, आणि थराबरोबर पट्टी आली. सबंध. बोट घातलं तर आरपार गेलं, दारापासून मागच्या चाकापर्यंत आत नुसता लाल भुगा. उजवी बाजू शाबूत होती. नारळाचं पाणी आणि गोदामातलं मीठ, दोन्ही बावीस वर्षं डाव्या कण्यात मुरलं होतं. मी इथल्याच एका कारखान्यातून जाड पत्र्याची नवी पट्टी वाकवून आणली. पण ती बसवायची तर अख्खी बाजू उघडून, गाडी खालून आधार देऊन, दोन महिने. ते दोन महिने तू दिले नाहीस, आणि ते का हवेत हे मी तुला सांगितलं नाही. मी भुग्यात कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी घातली, वरून लांबी भरली, पातळ पत्रा चिकटवला, घासला, रंग मारला. जे करणार नाही म्हणालो होतो तेच केलं. मुस्तफाने टप बसवताना तिथे बोटाने टकटक केली आणि म्हणाला, ‘इथला आवाज बद्द येतोय, भिकाजीभाय.’ मी त्याला सांगितलं, दसरा होऊ दे, मग उघडून नीट करतो. आणि माझ्या मनात तेच होतं, देवाशपथ तेच होतं. पण दसऱ्याला टोपी आली. मग मी म्हणालो, राहू दे तसंच. तुझी गाडी कुणी रस्त्यात पाहिली, छान दिसते म्हणून सांगितलं, की मला आतून बरं वाटायचं. आत काय आहे ते मला माहीत आहे, तुला नाही, याचं बरं वाटायचं. रोज सकाळी दिवा लावून, माळ ओढून मी हे बरं वाटणं जपलं. सोसायटीभोवती चार फेऱ्या मारायला काही होत नव्हतं, म्हणून मी स्वतःला समजावत राहिलो. परवा तुझी चिठ्ठी वाचल्यापासून देवापुढचा दिवा बाळाबाई लावते. माझा हात पुढे होत नाही.

डावं दार अडतं म्हणतोस ना. बिजागरी ढिली झाली म्हणून ते अडत नाही. रिकाम्या गाडीत दार लावून वरच्या कडेला बघ, मागच्या बाजूला. मी तिथे बोटभर फट ठेवली होती. आता नख जाणार नाही. गाडी मधून बसायला लागलीय, विलास. पाच माणसं, नवरीची ट्रंक, आणि उरणचा तो खड्ड्यांचा रस्ता, पुढेमागे कंटेनरचे ट्रेलर. एका जोरदार आदळण्यात ती डावीकडून मोडेल, आणि दारं दोनच, त्यातलं डावं तेव्हा कुणालाच उघडणार नाही. हे सांगण्यासाठी पत्र. गीतांजलीला त्या गाडीत बसवू नकोस. मांडवापासून फाटकापर्यंतसुद्धा नको, फोटोपुरतंही नको, आणि दुसरा कुणी ड्रायव्हरही शोधू नकोस. चिडशील, शिव्या देशील, दीडशे लोकांत माझं नाव घेशील. घे, त्यात एक शब्द खोटा नसेल. वाकवून आणलेली पट्टी अजून माझ्या खाटेखाली आहे. लग्न झाल्यावर गाडी शेडमध्ये पाठवलीस तर ती बसवून देईन, तुझ्यासाठी नाही, रखमाने नमस्कार केलेल्या जागेसाठी. लग्नाला आम्ही येत नाही. बाळाबाईने गीतांजलीसाठी ते जांभळं लुगडं, त्या दसऱ्याला घातलेली घडी न मोडता, पाठवलंय, ते पोरीला दे, कुणाचं ते सांगायची गरज नाही. आणि पत्र मिळाल्याचं एका ओळीत कळव. चौथीत तू माझ्यासाठी त्या गाडीतून उतरला होतास. आता तुझ्या पोरीला तिच्यात चढू देऊ नकोस, एवढं झालं की आपलं फिटलं.

तुझाच, अजून तरी,
भिकाजी